बिचारी थेल्मा

व्हर्माँटमधल्या आमच्या खेड्याची मार्चमधली गावसभा शाळेच्याच हॉलमध्ये भरली होती. शाळेच्या कराचा विषय निघाला तसा वेंडेल उठला आणि त्यानं थेट माझ्याकडे बोट दाखवलं.

"या बिचाऱ्या थेल्माला ना मूल ना बाळ. लोकांच्या पोरांसाठी हिनं का म्हणून कर भरायचा?"

टाळ्या पडल्या. शेजारणीनं तर आजच कुणी गेल्यासारखा माझा हात हातात घेतला. मला शिसारी आली. हात सोडवून मी उभी राहिले.

"वेंडेल, तुझी चारही पोरं माझ्या पैशावर याच शाळेत शिकली. तेव्हा कुठं गेला होता रे हा कळवळा?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती," तो निर्लज्जासारखा हसला.

होतीच वेगळी. त्याचं शेंडेफळ गेल्या जूनपर्यंत शाळेत होतं.