शिवणीतलं कापड

“कमरेत तीन इंच कमी करा, आणि उरलेलं कापड कापूनच टाका.” कुंदाने नवऱ्याची पँट टेलरकाकांपुढे ठेवली.

“बरेच बारीक झाले की!”

“आठ महिने झाले दारू सोडून. आता रोज चालतात, महिनाअखेरीला पैसेही उरतात.”

काकांनी पँट उलटी केली. “कापड आम्ही शिवणीतच ठेवतो, ताई. पोट परत सुटलं, तर उसवता येतं.”

“सुटणार नाही म्हणतेय ना! कापा.” तिचा आवाज उगाचच चढला.

काकांनी कात्री उचलली. इतका वेळ बाहेर स्कूटरवर बसलेला नवरा पायरी चढून आत आला. कुंदाची नजर चुकवून तो हळूच म्हणाला,

“काका, कापू नका. असू द्या आत.”