डबीतला खडा
जेवताना ह्यांची दाढ तुटली. तुकडा पोटात गेला, खडा हाती लागला, असं ह्यांचं म्हणणं. तो खडा डबीत ठेवून आल्यागेल्याला दाखवायचे. "हिच्या भातातला! वीस वर्षं झाली, अजून तांदूळ निवडता येत नाहीत." नणंदबाईंनी तर भिंग लावून पाहिला. महिनाभर मी एकेक दाणा निरखून निवडत होते. आज दाढेला कॅप बसवायला गेलो, तर स्वारीने डबी डॉक्टरीणबाईंपुढेही नाचवली. त्यांनी खडा चिमट्यात उचलला, उलटसुलट पाहिला आणि ह्यांच्या तुटक्या दाढेवर टेकवला. झाकणासारखा चपखल बसला. "खडा कसला? ही तुमचीच दाढ. आतून पार किडलीय." ह्यांनी तो तुकडा घाईघाईने डबीत टाकून झाकण लावलं. बाहेर पडताच पुटपुटले, "फेकून दे ती डबी." मी ती पर्समध्ये नीट ठेवली. संध्याकाळी नणंदबाई चहाला यायच्या आहेत. भिंग मीच देईन.