अडतीस मीटरवरचं धाडस

अडतीस मीटर खोल पाण्यात एर्लेंडला एक कॉड मासा ओळखीचा वाटला आणि त्यानं त्याला हात केला. माशानं भाव दिला नाही. तो बुडालेल्या युद्धनौकेच्या तोफेमागं निघून गेला. एर्लेंडला त्याचंही हसू आलं. झिंग चढली होती. ऑर्कनी बेटांजवळच्या गार पाण्यात इतकं खाली गेलं की ती चढतेच. पाठीवरच्या टाकीतल्या साध्या हवेची दारू होते.

शेजारी थोरा होती. शाळेत स्वयंपाक करणारी, आणि गेली तीन वर्षं पाण्यातली त्याची जोडीदार. बोटीवर तिच्यासमोर त्याची दातखीळ बसायची. फेरीबोटींची इंजिनं खोलून ठेवणारा हा बेचाळीस वर्षांचा गडी तिला फार तर एवढंच म्हणायचा, "वारा पडलाय." खाली मात्र तो वाघ असायचा. त्यानं मनगटावरची प्लास्टिकची पाटी सोडवली, पेन्सिलीनं लिहिलं, 'थोरा, माझ्याशी लग्न कर', आणि पाटी तिच्या नाकासमोर धरली.

थोराच्या तोंडून बुडबुड्यांचा लोट निघाला. हसली, नेहमीसारखीच. मग पाठ फिरवून आपल्या पाटीवर खरडू लागली. बोटीची नोंदवही तिच्याकडे असायची. इथं माणूस लग्नाचं विचारतोय आणि बाई तोफांची मापं लिहितेय, असं मनात येऊन एर्लेंड आणखीच हसला. आज ती फारच जोर लावून लिहीत होती.

मग दोघं दोराला धरून वर निघाली. तीस मीटरवर झिंग उतरू लागली. वीस मीटरवर एर्लेंडला आपलं टक्कल आठवलं. पाण्याचा दाब अंगातून हळूहळू उतरावा म्हणून सहा मीटरवर पंधरा मिनिटं थांबायचं होतं. तिथं डोकं लख्ख झालं आणि पाटी पुसायची घाई झाली.

कारण बोटीचा मालक बेनी सूप वाढता वाढता सगळ्यांच्या पाट्या मोठ्यानं वाचायचा. खालचे हातवारे-हसणं कुणी धरत नसे, पण पाटीवर लिहून वर आलं ते पक्कं. एकानं खाली लिहिलं होतं, 'खेकडा माझ्या आईसारखा बोलतो.' त्याला आता त्याची बायकोही खेकडा म्हणते.

एर्लेंडनं पेन्सिलीला बांधलेलं खोडरबर घेतलं आणि स्वतःला शिव्या देत सगळं पुसून टाकलं. तीन वर्षांत बारा वेळा पुसलं होतं, हे तेरावं. थोराही एरवी इथंच आपली पाटी साफ करायची. आज ती हात बांधून नुसती लोंबकळत होती.

डेकवर मटणाच्या सुपाची वाफ निघत होती. बेनीनं पहिली पाटी उचलली.

"एर्लेंड. कोरी. गड्या, खाली जाऊन झोपा काढतोस काय?"

सगळे हसले. एर्लेंडनं सुपात तोंड घातलं.

बेनीनं थोराची पाटी घेतली, चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"'हो'," त्यानं वाचलं. "नुसतं हो? अगं बाई, कशाला हो? विचारलंय कुणी?"

थोरानं एर्लेंडकडे पाहिलंही नाही. ओल्या केसांचं पाणी ती निगुतीनं पिळत राहिली, पण तिचे कान लाल झाले होते.

एर्लेंड उठला. अर्धं सूप बुटांवर सांडलं. आत्ता तो खाली नव्हता. झिंग नव्हती, पाटी नव्हती, आणि सात जण टक लावून बघत होते.

"मी," तो म्हणाला. "मी विचारलंय. लग्नाचं."

डेकवर एकच कल्ला झाला. कुणीतरी पावाचा तुकडा त्याच्या टकलावर मारला. बेनी सवयीनं पाटी पुसायला लागला होता. त्यानं थुंकी लावली, अंगठा घासला, बाही घासली.

"थोरा, हे पुसत कसं नाही गं?"

"पुसणारच नाही, बेनीकाका," थोरा म्हणाली. "बारा वेळा पेन्सिलीनं लिहिलं, आणि बाराही वेळा सहा मीटरवर माझाच धीर सुटला. आज सुरीनं कोरलंय."