चार नंबरचा सांधा

"चार नंबर परत अडकला," सासरे म्हणाले.

सून दारात चप्पल घालत होती. तिच्या बॅगा खाली गेल्या होत्या, टॅक्सी फाटकाशी उभी होती. नवऱ्याशी तिचं पटलं नव्हतं आणि पटणारही नव्हतं. दोघांनी भांडण न करता वेगळं व्हायचं ठरवून टाकलं होतं. आज समोरासमोर नको म्हणून तो सकाळीच बाहेर पडला होता. घरात सासरे होते, आणि मधल्या खोलीत मोठ्या टेबलभर पसरलेली त्यांची छोटी रेल्वे. तिला खेळणं म्हटलेलं त्यांना खपत नसे.

"मघाशी तर चालत होता, बाबा."

"मघाशी चालत होता. आता नाही चालत. यंत्राचं काय सांगावं."

तिनं चप्पल काढली.

गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते, तिथला सांधा अडला होता. टेबलावर असे आठ सांधे होते आणि प्रत्येकाखाली एक इवलीशी मोटर. मोटरी सासऱ्यांनी बसवल्या होत्या, त्या फिरवणारा प्रोग्रॅम सुनेनं लिहिला होता. तिनं उभ्या उभ्याच लॅपटॉप उघडला, चार नंबरला हुकूम दिला. सांधा ढिम्म. प्रोग्रॅम वरपासून खालपर्यंत पाहिला. त्यात काही चुकलेलं नव्हतं.

फोन वाजला. "आलेच, पाच मिनिटं," तिनं ड्रायव्हरला सांगितलं.

"घाई असेल तर राहू दे," सासरे म्हणाले.

"घाई आहेच."

"मग राहू दे." पण ते टेबलापासून हलले नाहीत.

ती मोबाइलचा उजेड घेऊन टेबलाखाली शिरली. चार नंबरची पिवळी वायर बोर्डातून बाहेर आली होती. ओढ बसून निघालेली नव्हती. तिचा स्क्रू पुरता सैल केलेला होता, आणि उघडं टोक कशाला चिकटून शॉर्ट होऊ नये म्हणून त्यावर चिकटपट्टीचा तुकडा नीट गुंडाळलेला होता.

ती तिथेच बसून राहिली. तिला फक्त सासऱ्यांचे पाय दिसत होते. खिडकीपर्यंत जायचे, परत यायचे, पुन्हा खिडकीकडे.

"सापडलं का काही?"

"वायर सुटली होती."

"सुटतात. वरून गाड्या धावतात ना, हादरे बसतात."

"हो," ती म्हणाली.

तिनं चिकटपट्टी काढली, वायर आत सरकवली, स्क्रू घट्ट पिळला. बाहेर येऊन बटण दाबलं. खट्ट. मग एकेक करत आठही सांधे फिरवून पाहिले. एकही अडला नाही. सासरे प्रत्येक खट्टला मान हलवत होते.

फोन पुन्हा वाजला. तिनं तो कापला, खुर्ची ओढली आणि लॅपटॉप त्यांच्या बाजूला वळवला.

"बसा, बाबा. कुठला सांधा अडला तर आधी काय बघायचं, मग काय, सगळं दाखवते. अवघड नाहीये. म्हणजे मी नसले तरी तुमचं अडणार नाही."

सासरे बसले. स्क्रीनकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग चष्मा काढून त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"हे नको शिकवूस मला," ते म्हणाले.