गुरगुर

"रक्तात सूज दाखवतेय," सीआरपीचा रिपोर्ट बघून डायलिसिसच्या सिस्टर म्हणाल्या. "अशात सुया टोचायची तुमची ही शीर गुठळी होऊन बंद पडू शकते. रोज सकाळी हाताला कान लावायचा. शिरेतून वाहणाऱ्या रक्ताची गुरगुर थांबली, तर तडक इथे यायचं."

मी नुसतं हो-हो केलं. सिस्टर मला ओळखून होत्या. त्यांनी माझ्या हाताला कान लावून बायकोला दाखवलं. तिने मान डोलावली.

तेव्हापासून रोज चहाआधी ती माझ्या कोपरावर डोकं टेकून बसायची. "अगं, चहा निवतोय!" मी सवयीने ओरडायचो. ती ढिम्म हलायची नाही.

गुरुवारी तिने डोकं उचललं आणि थेट चपला घातल्या. "उद्या डायलिसिस आहेच की, तेव्हा बघतील," मी कुरकुरलो. माझी फाइल पिशवीत कोंबून ती दारात उभी राहिली.

दुपारपर्यंत गुठळी निघाली, शीर वाचली. "उद्यावर ढकललं असतं, तर डायलिसिससाठी पुन्हा मानेत नळी घालावी लागली असती," डॉक्टर म्हणाले. मी हात जोडले.

"मला कशाला? काकूंना जोडा. कान भारी तिखट आहेत त्यांचे!"

ती माझ्याकडे बघायला लागली. नेहमीप्रमाणे मी डॉक्टरांचं वाक्य फाइलच्या पाठीवर लिहून तिच्यापुढे धरलं. वाचून ती खो खो हसली.

"कान कुठले मेले! ते जाऊन पंधरा वर्षं झाली. रोज गालाला गुदगुल्या व्हायच्या, आज झाल्या नाहीत."