मुकी फेरी
कल्पना करा, बाळांनो, जुन्या नावेत बसायचं आणि चकार शब्द काढायचा नाही. तीस वर्षं बंद पडलेला गावाचा उत्सव आजोबा सुरू करत होते. समुद्रातल्या खडकाला वळसा घालेपर्यंत नावेतलं कुणी बोललं, की उत्सव मोडला. सुतार म्हणाला, "काका, फळ्या सुकल्यात. चार दिवस नाव भिजू द्या, फटी बुजतील." "तीस वर्षं थांबलो, आता चार दिवस कुठले?" आजोबा हसले, नातीला समोर बसवून निघाले. किनारा थोडा मागे पडताच तिच्या तळपायांना गार पाणी लागलं.  तिने बोट दाखवलं. आजोबांनी पाहिलं, डोळ्यांनीच गप्प बसवलं आणि वल्ह्यांचा वेग वाढवला. किनाऱ्यावरून सुतारासकट सगळे हात हलवत होते. पाणी गुडघ्यांना टेकलं. आजोबांचे ओठ थरथरले, पण उघडले नाहीत. मग नात बेंबीच्या देठापासून ओरडली, "सुतारकाका, नाव बुडतेय!"