टाळ्यांच्या आधी

दोन हजार नऊ सालच्या ऑक्टोबरात गवयाने निरोपाचा दौरा जाहीर केला, आणि नणंद-भावजयीत जुंपली.

"अठरा तारखेचं तिकीट आणखी चढलं," शेजारच्या औषधवालीने दारातूनच सांगितलं. आपल्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर रोज दुपारी भाव बघायचा आणि वहिनीच्या शिवणाच्या दुकानात येऊन बातमी द्यायची, हा तिचा आठ दिवसांचा नेम. "शिवाय वर सुविधा शुल्क."

"सुविधा कसली?" वन्संनी विचारलं.

"रांगेत उभं राहावं लागत नाही, ती."

"मग मी राहते उभी. तेवढे पैसे परत दे म्हणावं."

औषधवाली हसली. वहिनी हसली नाही. कुणाची तरी पँट आखूड करायची होती आणि तिच्या तोंडात टाचण्या होत्या.

तारखा तीन होत्या. अकराला पलीकडच्या गावातलं मैदान, चौदाला कॉलेजचं सभागृह, अठराला इथलं जुनं नाट्यगृह. मैदानाचं तिकीट निम्म्याहून स्वस्त. पण वहिनीचं एकच टुमणं, अठरा. का, ते सांगेल तर शपथ. वन्संचं म्हणणं, बाजार उठायच्या वेळेला भाजी उतरते, तसं तिकीटही उतरेल. म्हणून त्यांनीच थांबवून धरलं होतं. आठ दिवसांत तिकीट दीडपट झालं.

दोघीही गवयाच्या भक्त, पण पंथ वेगळे. वन्संकडे स्टुडिओतल्या स्वच्छ कॅसेटी ओळीने लावलेल्या. टेलिफोन खात्यात त्या बत्तीस वर्षं ऑपरेटर होत्या. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस ओळखायच्या. खरखर त्यांना खपत नसे. वहिनीकडे एकच कॅसेट होती, नाट्यगृहातल्या एका जुन्या मैफलीची. "अर्ध्या टाळ्या, अर्धा खोकला," असं म्हणून वन्संनी ती कधी ऐकलीच नव्हती. वहिनी मात्र मशीन चालवताना कानात इअरफोन घालून तेवढीच ऐकायची. तीही धड नाही. शेवटचं गाणं संपलं की टेप मागे. पुन्हा शेवट, पुन्हा मागे. आणि मधूनच पदराने डोळे टिपणं.

वर भिंतीवर दादाचा फोटो. वन्संचा भाऊ, वहिनीचा नवरा. त्याला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. त्याच्या फोटोखाली बसून बायको परक्या गवयासाठी रडते, हे वन्संना खुपायचं. जिभेवर आलेलं त्या दर वेळी गिळायच्या.

"सज्ज्यात थोड्याच जागा उरल्यात," औषधवाली म्हणाली. "त्याही खांबाआडच्या. आज काढल्या नाहीत तर संपलं."

वहिनीने तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. "काढ. एक माझं."

"वहिनी, खांबाआड बसून काय बघणार आहेस? मैदानावर जाऊ की! गवई तोच, गाणी तीच."

"तुम्ही जा, वन्सं. मला सज्ज्यातच बसायचंय."

इथे वन्संचा तोल गेला. "एवढं काय गं लागून राहिलंय त्या माणसाचं? माझ्या दादासाठी कधी अशी झुरलीस का?"

औषधवाली उगाचच रस्त्याकडे बघू लागली. वहिनीने वॉकमन उचलला, टेप जराशी मागे नेली आणि इअरफोन स्वतःच्या हाताने वन्संच्या कानात घातले.

गाणं संपत आलं होतं. शेवटचा सूर विरला. क्षणभर नुसती खरखर. आणि टाळ्यांच्या आधी, अगदी माइकला चिकटून, एक आवाज उठला, "पुन्हा होऊ द्या!"

वन्संनी मशीनची कड घट्ट धरली. घरात दादाचा फोटो होता, चष्मा होता, घड्याळ होतं. आवाज कुठेच नव्हता.

"सज्ज्यात होतो आम्ही," वहिनी म्हणाली. "डोक्यावरच माइक टांगलेला. मी चिमटा काढला यांना. म्हटलं, चारचौघांत ओरडताय काय!"

वन्संनी टेप मागे नेली. ऐकलं. पुन्हा मागे नेली. मग कानातलं न काढताच, बहिरं माणूस बोलतं तसं मोठ्यांदा औषधवालीला म्हणाल्या, "अठराचीच काढ. दोन. सुविधा-बिविधा काय असेल ती लाव."

अठराला दोघी सज्ज्यात बसल्या. खांबाआडून गवयाचा एक खांदा तेवढा दिसत होता. सगळ्यात शेवटी त्याने तेच गाणं घेतलं. सूर विरला. नाट्यगृह क्षणभर गप्प झालं. आणि जिचा आवाज कधी दुकानाच्या उंबऱ्याबाहेर गेला नव्हता ती वहिनी उभी राहून ओरडली, "पुन्हा होऊ द्या!"

वन्संनी तिला चिमटा काढला नाही.

गवई त्यानंतर कुठे गायला नाही. बागेत रमतो म्हणतात. नाट्यगृह पाडलं, तिथे आता गाड्या लावतात. अठराच्या त्या मैफलीची सीडी तेवढी निघाली. वहिनी चार वर्षांनी गेली. औषधवाली थकली, तिचं दुकान सून बघते, आणि वन्संची औषधं तीच घरी आणून देते.

वन्सं आता ऐंशीच्या पुढे आहेत. स्टुडिओतल्या स्वच्छ कॅसेटी त्यांनी केव्हाच वाटून टाकल्या. दुपारी आधी वहिनीची कॅसेट लावतात, शेवटचं मिनिट. मग सीडी, शेवटचं मिनिट. आधी दादा, मग वहिनी.

"आजी, रोज नुसता शेवटच काय ऐकता?" सुनेने एकदा विचारलं. "गाणं चांगलं नाही का?"

"चांगलंच असणार," वन्सं म्हणाल्या. "दोघांनी पुन्हा मागितलं होतं."